धुनकीचा कोरा ठोका

हे मी सांगून राह्यली अन् माही नात लिवून राह्यली. मी दुसरीपर्यंत शिकली, सही करता येते, बस. घरी आमी हिंदीच बोलतो, पण गावात सारी जिंदगी मराठीत गेली म्हणून मराठीतच सांगते. गल्लीतल्या बाया रोज इच्यारतात, जैतूनबी, घाटावर तुह्या आंगाले काय चिकटवलं व, तुले नाचवलं म्हणते? एकेकीले सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाचं सारं सांगून टाकते.

मोताळा स्टँड

पयली भानगड एसटीतच झाली. आमची धुनकी सहा फूट लांब. धुनकी म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य. लाकडाचा दांडा, त्याले बकऱ्याच्या आतड्याची तार, तिले आमी तांत म्हणतो. तांतीवर लाकडाच्या दस्त्यानं ठोकलं की तांत थरथरते, अन् कापूस फुटून वर उडते. एवढं लांब सामान शिटाखाली जाईना, वर ठेवलं तं लोकाइच्या डोक्याले लागे. शेवटी आमी दोघीनं ते मांडीवर आडवं धरलं.

कंडक्टर जवान होता. म्हणे, "मावशी, हे धनुष्य घेऊन कोणाच्या स्वयंवराले चालल्या?"

"तुह्याच," हाजरा आपा म्हणे. "नवरी पाहून ठेवली हाय. तिकीट फाड अन् पुढं सरक."

हाजरा आपा म्हणजे माही नणंद, नवऱ्याहून लहान पण माह्याहून मोठी. मी सत्तरीची झाली तरी ती मले दुल्हनच म्हणते. तिले कोणी बोलावलं नव्हतं. पण तिनं ऐकलं का मी धुनकी घेऊन बुलडाण्याले चालली, तशी पिशवी घेऊन दारात उभी. म्हणे, धुनकी माह्या भावाची हाय, तू एकटी नेशील अन् कोणाले देऊन येशील. म्या म्हटलं, चला. तिच्याशी भांडायचं म्या लग्नाच्या दुसऱ्या साली सोडलं.

आता काऊन चालली ते सांगते. आमी पिंजारी. सलीम माहा मुलगा, अन् सलीमचे अब्बा म्हणजे माहे मालक, ते आता नाईत. दिवाई झाली का ते धुनकी खांद्यावर घेऊन गावोगाव जात. तवा प्रत्येक घरात एका कोपऱ्यात गावरान कापसाचा ढीग राहे, गाद्या-रजाया भरायले. मंग हायब्रीडचं बियाणं आलं, बीटीच्याबी पयले. कापूस घरात येणंच बंद झालं, वावरातून गाडीत अन् गाडीतून जिनिंगमध्ये. मंग अळी आली, फवारे आले, तरी बोंडं सडली. नवी गादी भरायची म्हणजे घरात लगन पाहिजे, अन् लोकं लगनच पुढच्या सालावर ढकलू लागले. ढकललेलं लगन लागलं तरी फोमची गादी. त्याच दिवसात सलीमच्या अब्बाले लकवा मारला. उजवं आंग गेलं, जबान गेली. सलीम लहान. धुनकी खुंटीले टांगलेली.

तवा म्या ती खाली काढली.

आमच्यात बाई कापूस निवडते, सरकी काढते, गादीले टाके घालते. धुनकीले हात लावत नाई. हाजरा आपानं मले मोहल्ल्यासमोर सांगतलं का बाईनं तांत वाजवली तं घरातली बरकत जाते. म्या म्हटलं, बरकत तं पयलेच गेली, पाहू तिले वाजवून वापस बोलावता येते का. ती दोन साल माह्या घरी आली नाई, जगाले सांगत राह्यली का म्या धुनकी चोरून पाहून उचलली. म्या तेवढ्यात सत्तावीस गाद्या भरल्या.

आता माहा उजवा खांदा वर होत नाई. डाक्टर म्हणे, मावशी, हे काम सोडा. म्या म्हटलं, सोडते, पण कोणापाशी सोडू? सलीम खामगावले जिनिंगवर हमाली करते. त्याले धुनकी येत नाई. त्याचा दोष नाई, त्याच्या जवानीत धुनकीले कामच नव्हतं. जिल्ह्यात दुसरा कोणी धुनकी चालवते असं माह्या ऐकण्यात नाई.

मंग बुलडाण्याच्या एका कॉलेजातल्या पल्लवी मॅडम गावात आल्या. जुन्या कामाइची यादी करत होत्या. म्हणे, पुण्याहून एक मशीन येणार हाय, तिले मोशन कॅप्चर म्हणतात. ती माणसाचं हालणं जसंच्या तसं धरून ठेवते. तुमी नसल्या तरी तुमचा हात राहील, कोणी शिकायचं म्हटलं तं त्याच्यापासून शिकल. मशीन तीनच दिवस राहीन.

मले दुसरं काई समजलं नाई. हात राहील एवढं समजलं.

बुलडाणा, पयला दिवस

राजूरचा घाट चढला का हवा बदलते. खाली आमच्याकडं जानेवारीतबी दुपारी घाम येते, वर लोकं उन्हात बसून स्वेटर घालतात. चहाबी बदलते. आमच्याकडं चहा म्हणजे साखरेचा पाक, घाटावर अद्रक जास्त अन् साखर जपून. आमाले पोरीइच्या होस्टेलात ठेवलं. गादी फोमची. तिच्यावर पडलं का पाण्यात पडल्यावाणी वाटे. हाजरा आपा खाली सतरंजीवर झोपली, म्हणे दुश्मनाच्या गादीवर झोपत नाई. मले ते पटलं, मीबी खाली आली.

मशीन म्हणजे मले वाटे जिनिंगसारखं मोठं काई राहीन. पाह्यलं तं एक मोठी खोली, चारी बाजूनं लोखंडी पाइपाची चौकट, अन् त्या पाइपावर बारा कॅमेरे. मी त्याले डोयेच म्हणो. ते डोये माणसाले पाहत नाईत. माणसाच्या आंगाले बोराएवढे चमकते मणी लावायचे, ते तेवढे मणी पाहतात. कोपरावर, मनगटावर, खांद्यावर, गुडघ्यावर, डोक्यावर. मणी हालला तसा टीव्हीवर ठिपका हालते.

मशीनचे मालक रोहन सर, पुण्याचे. माणूस सरळ, पण आमचं बोलणं त्याले अर्धंच समजे. पल्लवी मॅडम चिखलीच्या, त्या मधात सांगत. त्याइनं एक काया रंगाचा, आंगाले चिकटणारा ड्रेस दाखवला. पोहायले जातात तसा. म्या तो हातात घेतला, पाह्यला, घडी करून वापस देल्ला.

"आजी, लुगडं असेल तर मणी झाकले जातात," रोहन सर म्हणाले.

"मंग मणी काढा," हाजरा आपा म्हणे.

शेवटी पल्लवी मॅडमनं आपली सलवार-कमीज देल्ली, तिच्यावर पट्टे बांधले अन् पट्ट्याइवर मणी. डोक्याले घट्ट रुमाल, रुमालावर चार. पदराबिगर मी कोण्या परक्या माणसासमोर उभी राह्यली नव्हती. रोहन सरले ते समजलं असन. त्याइनं आपाले जवय बोलावून टीव्ही दाखवला. काया पडदा अन् त्यावर पांढरे ठिपके.

"मला एवढंच दिसतं, मावशी."

आपानं बराच वेय पाह्यलं. "ही माही दुल्हन? हे तं आभाय हाय." मंग मले म्हणे, "राह्य उभी. बुरख्यातबी एवढी झाकली नसती."

आता धुनकी टांगायची होती. ती छताले दोरीनं टांगावी लागते, म्हणजे वजन हातावर येत नाई. छत उंच, कडी नाई. कोणीतरी ती कॅमेऱ्याच्याच पाइपाले बांधली. म्या पयला ठोका हाणला तशी सारी चौकट हादरली, बाराही डोये डुलाले लागले, अन् टीव्हीवर माहे ठिपके टोयधाडीवाणी उडाले. रोहन सर दोन्ही हात वर करून पयत आले. त्यात दुपार गेली. वाचमननं शेवटी अलग बांबू उभा करून देल्ला.

मंग कापूस आणला. पांढराशुभ्र, जिनिंगमधून आणलेला, बीटीचा. म्या चिमटीत धरून ओढला तं लांबच लांब धागा निघाला. सूत काढायले तो चांगला हाय, त्याले नावं ठेवत नाई. पण हातधुनकीवर तो तांतीले लपेटते. आमचा गावरान कापूस आखूड, खरबरीत, ठोका लागला का उडून दूर पडते. म्या दहा ठोके हाणले, तांत दोरीवाणी जाड झाली.

रोहन सर म्हणाले, चालतंय आजी, हालचाल तर येतेय.

म्या दस्ता खाली ठेवला. म्हटलं, या कापसावर हात अडखळते. तुमी हे ठेवसान तं लोकं अडखळणं शिकतीन.

पल्लवी मॅडमनं गाडीची चाबी काढली. म्हणे, उद्या सकाई निघू. गावरान कापूस कुठंतरी असलच.

दुसरबीडची वाट

चिखलीपासून हिवरा आश्रमापर्यंत आमी नऊ ठिकाणी इच्यारलं. दोन्ही बाजूनं वावरं होती, कपाशीच्या वायल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, पण त्या साऱ्या बीटीच्या. एक जण म्हणे गावरान लावून काय खावं. एक जण म्हणे माह्या बापानं लावला होता, आता बापबी नाई. एक बियाणाचा दुकानदार तं आमाले पाहून हसलाच, म्हणे गावरान माणूस दाखवा, मंग कापसाचं पाहू.

हिवरा आश्रमाजवय एका हॉटेलात भजे खाल्ले. हॉटेलवाला आमचं बोलणं ऐकून राह्यला होता. हातातला झारा तसाच ठेवून तो बाहेर आला. म्हणे, माही सासू दुसरबीडले राहते, गोदाबाई. तिच्या धुऱ्यावर गावरान कपाशीच्या चार ओई हायेत, चार रांगा. देवाच्या वातीले ती दुसरा कापूस घेत नाई, म्हणते फवारा मारलेली वात देवासमोर कशी लावू. मी फोन करतो, पण देईन का नाई सांगता येत नाई. बुढी कडू हाय.

"मंग जमते," म्या म्हटलं. "माह्यासंगबी एक हाय."

आपा भजेच खात राह्यली.

दुसरबीडले पोचलो तं गोदाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. माह्याच वयाच्या, नऊवारी, कपायावर मोठं कुकू. त्याइचं बोलणं जालन्याकडचं, आमी मले म्हणतो तिथं त्या मला म्हणतात. पोतं त्याइनं दाखवलं. एकच होतं. म्या त्यात हात घातला अन् थोडा वेय काढलाच नाई. आखूड, गरम, सरकी काढून ठेवलेला. बारा-पंधरा सालानं हाताले तो कापूस लागला.

गोदाबाई म्हणे, "वर्षाच्या वाती हायेत ह्यात. माझ्या घरच्या, देवळाच्या अन् गल्लीतल्या पाच घरच्या. तुम्हाला दिला तर मी काय लावू?"

म्या म्हटलं, पिंजून वापस देतो. आमचं काम होईपर्यंत ठेवू, मंग साराच तुमचा. पिंजलेल्या कापसाची वात मऊ होते.

"पिंजारी कोण? ह्या मॅडम?"

"मी."

त्याइनं मले खालून वर पाह्यलं. आपा तिकडं भिंतीकडं पाहत होती. मले वाटलं आता हीबी बरकतीचं काढते. पण गोदाबाई म्हणे, "आमच्याकडं दिवाळी झाली की पिंजारी यायचा. आवाज आला की आम्ही पोरी पळत जायचो. कसा वाजायचा, काढ बरं."

धुनकी कॉलेजात. म्या तोंडानंच काढला. धुप, धुप, धुप. धुप, धुप, धुप.

"न्हाई," गोदाबाई म्हणे. "मधी एक रिकामा असायचा. तंय करून. त्याच्यावरच आम्ही पोरी उड्या मारायचो."

मले हसू आलं. सारा जिल्हा इसरला, अन् ही वात वयणारी बाई इसरली नाई. म्या पुन्हा काढला. धुप, धुप, धुप, तंय.

"आता खरी पिंजारी," त्या म्हणाल्या, अन् पोत्याचं तोंड बांधून पल्लवी मॅडमच्या हाती देल्लं.

मंग जेवल्याबिगर जाऊ देईना. ओल्या तुरीच्या दाण्याइची आमटी, बाजरीची भाकर, तीळ लावलेली, अन् लसणाचा ठेचा. आमच्याकडं खाली ज्वारीची भाकर, अन् आमटीले शेंगदाण्याचं कूट घालतो. त्याइनं तीळ कुटून घातले होते. पयले आमच्या माणसाले भाकर ओट्यावर भेटे, अन् पाणी वरून ओंजयीत. गोदाबाईनं आमाले चुलीपाशी पाट देल्ले. आपानं तीन भाकरी खाल्ल्या अन् उठताना म्हणे, मीठ बरोबर होतं. तिच्या तोंडून हे म्हणजे लय झालं.

बुलडाणा, तिसरा दिवस

सकाई उठली तं खांदा दगडावाणी. हात कानापर्यंत जाईना. म्या कोणाले सांगतलं नाई, पण आपाले दिसलं. तिनं पिशवीतून तियाच्या तेलाची बाटली काढली अन् खांदा रगडाले बसली. रगडता रगडता शिव्या देत होती, पुरुषाचं काम बाईनं केलं तं हाडं अशीच बोलतात म्हणून. हात मातर गरम होता.

सकाय सारी म्या ठोकलं. गावरान कापूस होता, बांबू होता, डोये स्थिर होते. कापूस असा उडाला का खोलीत थंडीतल्या धुक्यावाणी झालं. पल्लवी मॅडम टाया वाजवत होत्या. रोहन सर म्हणाले झालं आजी, उत्तम आलं, आता जेवा, मी साफसूफ करून दाखवतो.

जेवून आलो तं टीव्हीवर एक माणूस उभा होता. ठिपके जोडून त्याइनं काड्याइचं आंग केलं होतं. तोंड नाई, कपडा नाई, बाई नाई, बुवा नाई. त्याच्या हातात काडीची धुनकी, अन् तो ठोकत होता. सारे खुश. पल्लवी मॅडमनं ठरवलं होतं का पयले आपणच त्याच्यापासून शिकून पाहायचं. त्याइनं माही धुनकी धरली, टीव्हीकडं पाहत तसेच हात चालवले. धुप, धुप, धुप, धुप. पोरीचा हात चांगला होता. पण इसाव्या ठोक्याले कापूस तांतीले चिकटला, तिसाव्याले गाठी झाल्या, मंग आवाजच मेला. मॅडमचं तोंड उतरलं. म्हणे, माझंच चुकत असेल.

म्या आपाकडं पाह्यलं. "कसा वाटते?"

आपा टीव्हीकडं पाहूनच म्हणे, "कोणी रोजगारी असन. पैशासाठी ठोकते. ऐकत नाई."

तवा मले समजलं. त्यात कोरा ठोका नव्हता.

तीन ठोके कापसात हाणले का चवथा कापसाबाहेर, वरच्यावर, हलका. तो कोरा ठोका. त्यानं तांतीले चिकटलेलं झडून जाते. अन् त्याच टाईमाले मान झुकवून कान तांतीजवय न्यायचा. तंय वाजली तं बरोबर. दबली तं कापूस ओला हाय नाईतं तांत ढिली हाय, हात थांबवायचा. तीन ठोक्याची मेहनत, अन् चवथ्याची अक्कल.

रोहन सरले इच्यारलं, माहा चवथा ठोका कुठं गेला. त्याइनं सांगतलं का त्या ठोक्याले धुनकी कापसाले लागतच नव्हती, त्याइले वाटलं मी दम खाऊन राह्यली. शिवाय मी झुकली का डाव्या बाजूचे मणी आंगाखाली झाकल्या जात, कॅमेऱ्याले दिसतच नव्हते. म्हणून तेवढे तुकडे काढून टाकले अन् बाकीचं जोडलं. त्या तुकड्यात तसंही काहीच आलं नव्हतं. माणूस खाली मान घालून म्हणे, "चूक माझी. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण सहा वाजता सामान गाडीत चढवायचं आहे."

तीन वाजले होते. खांदा पेटला होता. पल्लवी मॅडम म्हणे, आजी, राहू द्या, आम्ही खाली लिहून ठेवू की मधात एक रिकामा ठोका असतो म्हणून.

म्या म्हटलं, "लिवून ठेवायचं असतं तं मले काऊन बोलावलं? मले लिवता येत नाई."

मंग रोहन सरले इच्यारलं, झुकल्यावर माहे मणी कुठून दिसतीन. ते इकडून तिकडून फिरले, वरून पाह्यलं, बाजूनं पाह्यलं. मले फिरायची गरज नव्हती. मले ती जागा ठाव होती.

सलीमचे अब्बा खाटेवर पडले होते तवा मी त्याच खोलीत दार लावून धुनकी शिकली. त्याइले बोलता येत नव्हतं. डावा हात तेवढा चाले. मी ठोके हाणो, अन् ते डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या पाटीवर वाजवत. तीन जोरानं, चवथा हलका. माहा चवथा चुकला का ते वाजवणंच बंद करत, अन् मी पुन्हा सुरू करो. खाट माह्या डाव्या बाजूले होती, जमिनीपासून हातभर. तिथून त्याइले माहं झुकणं दिसे, मान दिसे, कान दिसे. माहा हात बसेपर्यंत आठ महिने ते तिथून पाहत होते. आपा तवा आमच्या घरी येत नव्हती, म्हणून तिले हे ठाव नव्हतं. तिनं कवा इच्यारलं नाई, म्या कवा सांगतलं नाई.

म्या रोहन सरले बोट दाखवलं. "एक डोया तिथं ठेवा. डाव्या बाजूले, जमिनीपासून हातभर वर. खाटेच्या उंचीवर."

त्याइनं वरचा एक कॅमेरा काढला, एका स्टुलावर ठेवला, टीव्ही पाह्यला. म्या झुकून दाखवलं. रोहन सर एकदम सरळ झाले. म्हणे, सगळे दिसतात. तुम्हाला कसं कळलं?

म्या म्हटलं, चालू करा.

त्या दुपारी म्या जशी धुनकी चालवली तशी जवानीतबी चालवली नसन. खांदा दुखत होता, पण तो दुखणारा खांदा माहा होता अन् ठोका दुसऱ्याचा होता, असं काईसं झालं. धुप, धुप, धुप, तंय. दर चवथ्याले मी डाव्या बाजूले झुको, अन् स्टुलावरचा तो डोया माह्याकडं पाहे. अर्धं पोतं झालं. रोहन सर म्हणे, आजी पुरे. म्या थांबली नाई. गोदाबाईले सारं पोतं पिंजून द्यायचं कबूल केलं होतं, ते पूरं करूनच दस्ता खाली ठेवला.

मंग त्याइनं पुन्हा काड्याइचा माणूस उभा केला. या खेपेला काई कापलं नाई, काई जोडलं नाई. तो ठोकाले लागला. तीन ठोके. मंग तो डावीकडं झुकला, मान वाकडी केली, कान तांतीजवय नेला, अन् थांबून ऐकलं. मंग पुन्हा तीन.

आपा खुर्चीवर टेकून बसली होती. ती उठून उभी राह्यली. डोक्यावरून सरकलेला पदर तिनं पुढं ओढला, मोठा भाऊ घरात आल्यावर ओढे तसा. तो माणूस ठोकत होता, झुकत होता, ऐकत होता.

"भाईजान," ती म्हणे. एकदम हयू.

मंग तिनं माह्याकडं पाह्यलं. "ही मान त्याचीच हाय. तू पाहून चोरली म्हणून मी जगाले सांगत राह्यली. पाहून हे येत नाई. तुले कोणी शिकवलं, दुल्हन?"

"तुमच्या भावानं. खाटेवरून."

ती खाली बसली. तिनं डोये पुसले नाईत, आमच्या घरात ती रीत नाई. पिशवीतून तेलाची बाटली काढली अन् सर्वाइसमोर माहा खांदा रगडाले लागली. या खेपेला शिव्या नव्हत्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. पल्लवी मॅडमनं धुनकी पुन्हा धरली होती. टीव्हीकडं पाहून, झुकून, ऐकून. पयले दोन-तीन डाव चुकल्या. मंग लागलं. इसावा ठोका गेला, तिसावा गेला, पन्नासावा गेला, तांत कोरीच्या कोरी. कापूस फुटून वर उडाला, मॅडमच्या केसावर बसला, रोहन सरच्या चष्म्यावर बसला, बारा डोयावर बसला. म्या त्या पोरीले एक शब्द सांगतला नव्हता. मी खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर होते, अन् माहा हात तिकडं काम करत होता.

सामान सहाऐवजी आठ वाजता गाडीत चढलं. कॅमेऱ्यातला कापूस काढाले तेवढा टाईम लागला.

वापस

पिंजलेला कापूस पल्लवी मॅडमनं स्वतः दुसरबीडले नेऊन देल्ला. गोदाबाईचा निरोप आला, वात मऊ झाली, अन् चार ओईच्या जागी औंदा आठ ओई लावीन, मॅडमले सांगा एक पोतं कॉलेजचं. मॅडमच्या कॉलेजातल्या दोन पोरी आता त्या काड्याइच्या माणसापासून शिकून राह्यल्या. वाचमनबी शिकला म्हणते.

आमी तं दुसऱ्याच दिवशी सकाईच्या एसटीनं घाट उतरलो होतो. तोच कंडक्टर होता. म्हणे, काय मावशी, झालं का स्वयंवर? आपा म्हणे, झालं, जिंकून आलो, मोताळ्याचे दोन दे.

धुनकी या खेपेला तिनं एकटीनंच मांडीवर घेतली, मले हात लावू देल्ला नाई, खांद्याले आराम दे म्हणे. घाटाच्या वयणावर मले टकटक ऐकू आली. पाह्यलं तं ती समोरच्या शिटाच्या दांडीवर बोटानं वाजवत होती. तीन अन् एक. तीन अन् एक.

"आपा," म्या म्हटलं, "चवथा हलका."

"मले ठाव हाय," ती म्हणे. "तू ऐक फक्त."

अन् पुढचा चवथा तिनं बरोबर वाजवला.